नौकेत पाऊल ठेवण्यापूर्वी

सुट्टीचे चार दिवस पाण्यावर घालविण्याची हौस अलीकडे आपल्या समाजात चांगलीच वाढली आहे. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे विहारनौकेच्या थाटाचे जहाज मुंबई-गोवा मार्गावर आले. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या जहाजाने मुंबईहून गोव्याकडे सहली सुरू केल्या. पणजीत मांडवीवर सायंकाळी निघणाऱ्या नौकांना तर पर्यटकांची वाण कधीच पडत नाही. या हौसेत वावगे काही नाही. ज्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या समुद्राच्या काठी राहिले, त्यांना पाण्याची ओढ वाटावी हे स्वाभाविकच आहे. परंतु ही ओढ जितकी वाढली, तितकी पाण्याविषयीची जाण वाढली आहे काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. आणि त्याचे उत्तर समाधानकारक नाही.

मुंबई-गोवा बोटीने येजा करणारी पिढी अद्याप आपल्यात आहे. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे उच्चारताच त्या वडीलधाऱ्या मंडळींना डेकवर पसरलेल्या वळकट्या आणि बंदराबंदरांत बोटीकडे येणारे पडाव आठवतात. तो प्रवास गरजेचा होता आणि त्यात सुखसोयी बेताच्याच होत्या. तथापि त्या प्रवाशाला पाणी ओळखता येत असे. पावसाळा लागला की बोटी बंद होणार हे तो गृहीत धरी आणि त्याबद्दल कुरकुर करीत नसे. १७ जुलै १९४७ रोजी, भर पावसाळ्यात, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसाची धास्ती किनाऱ्यावरच्या घराघरांत कित्येक वर्षे होती. आजच्या पर्यटकाला हे काहीच ठाऊक नसते. त्याने तिकीट काढलेले असते, आणि तिकिटाबरोबर सुरक्षितताही विकत घेतली अशी त्याची भाबडी समजूत असते.

जहाजाची सहल सर्वांच्या ऐपतीतली नाही, आणि जलविहारासाठी समुद्रच हवा असेही नाही. दादरा-नगर हवेलीतील दुधनी हे या दृष्टीने आमच्या वाचकांनी अवश्य पाहावे असे ठिकाण आहे. त्या भूमीशी आपले नाते केवळ सहलीचे नाही. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीज अमलातून सोडविली आणि पुढे सात वर्षांनी आलेल्या गोमंतकाच्या मुक्तीची जणू ती नांदीच ठरली. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखा मराठी मनाचा लाडका गायक हाती शस्त्र घेऊन उतरला होता. २०२० च्या प्रजासत्ताकदिनापासून हा प्रदेश दमण व दीवशी जोडला जाऊन एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. सिल्वासा हे तेथील मुख्य शहर. कारखान्यांची वस्ती मागे टाकून खानवेलच्या वाटेला लागले की साग आणि टेकड्या सुरू होतात, आणि शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर दुधनी येते. सह्याद्रीत, नाशिक जिल्ह्यात, उगम पावणारी दमणगंगा मधुबन धरणाने अडविली आहे. त्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय येथे टेकड्यांच्या कुशीत शिरला आहे. काश्मिरी धर्तीचे शिकारे आणि यांत्रिक होड्या यांतून येथे विहार करता येतो.

प्रवासाची आखणी करताना काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. गोव्याहून वा कोकणातून जाणाऱ्याने वापी हे रेल्वेस्थानक ध्यानात ठेवावे. तेथून सिल्वासा मोटारीने अर्ध्यापाऊण तासावर आहे. पाऊस ओसरून हवा निवळल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. भर पावसात डोंगर हिरवेगार दिसतात खरे, पण तेव्हा ते काठावरूनच पाहावेत. दुधनीची फेरी सकाळच्या वेळी ठेवावी. दुपारनंतर मोकळ्या जलाशयावर वारा वाढू शकतो, आणि संध्याकाळी परतीची घाई सर्वांनाच होते. शनिवार-रविवारी गुजरात आणि मुंबईकडून येणाऱ्यांची दाटी असते, म्हणून शक्य तर मधला वार निवडावा. एकाच दिवसात सिंहांचे अभयारण्य, हरणांचे उद्यान, आदिवासी संग्रहालय आणि जलाशय असे सर्व उरकण्याचा हट्ट धरू नये. घाईचा पर्यटक धक्क्यावर उशिरा पोहोचतो, आणि उशिरा पोहोचलेला माणूस मिळेल त्या होडीत चढतो. संकटाचा आरंभ पुष्कळदा अशा क्षुल्लक घाईतच होतो.

हे आम्ही उगाच भय दाखविण्यासाठी लिहीत नाही. गेल्या काही वर्षांतील घटना पाहाव्यात. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील तेक्कडी येथे, दुधनीसारख्याच एका धरणाच्या जलाशयात, वन्यप्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस सरकले आणि क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली नौका कलंडली. ४५ जणांचा अंत झाला. १३ जानेवारी २०१८ रोजी सिल्वासाहून फार दूर नसलेल्या डहाणूच्या किनाऱ्याजवळ विद्यार्थ्यांनी भरलेली नौका उलटली आणि कोवळ्या मुली प्राणास मुकल्या. ७ मे २०२३ रोजी केरळातीलच तानूर येथे दिवस मावळल्यावर निघालेली, खचाखच भरलेली नौका उलटून २२ माणसे गेली. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नौका बुडाली. १२ मुले आणि २ शिक्षिका परत आल्या नाहीत. त्याच वर्षीच्या नाताळात, २५ डिसेंबरला, कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून एकाचा बळी गेला. यांपैकी एकही दुर्घटना वादळाच्या तडाख्याने घडलेली नाही. बहुतेक ठिकाणी कारण एकच सापडते: होडीने जितकी माणसे न्यावीत त्याहून अधिक माणसे तीत बसली, आणि बसलेल्यांपैकी अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. होडी आणि माणसे यांचा हिशेब काठावरच चुकला होता. पाण्याने फक्त तो उघडा केला.

म्हणून धक्क्यावर उभे असताना प्रत्येकाने पाच गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही आग्रहाने सांगू. पहिली, नौकेवर किती माणसांची परवानगी लिहिली आहे ते वाचावे आणि बसलेली डोकी स्वतः मोजावीत. कडेवरचे मूलही मोजावे. दुसरी, प्रत्येकासाठी जॅकेट आहे की नाही, आणि मुलांसाठी मुलांच्या मापाचे आहे की नाही, हे पाहावे. तिसरी, ते जॅकेट काठावरच घालावे आणि सर्व पट्टे आवळावेत. आवळल्यानंतर दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर ते निरुपयोगी आहे असे समजून दुसरे मागावे. आसनाखाली ठेवलेले जॅकेट कोणाचा जीव वाचवीत नाही. चौथी, नौका चालविणारा शुद्धीवर आणि सावध आहे काय, हे त्याच्याशी दोन शब्द बोलून अजमावावे. पाचवी, आपल्या कंपूतील कोणी मद्य घेतले असल्यास त्याला काठावरच ठेवावे. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्याने सिल्वासाकडे येणाऱ्या काहींची सहल त्या एकाच हेतूने निघते, हे उघड गुपित आहे. त्यांच्या आनंदाशी आम्हांस कर्तव्य नाही. मात्र तोल गेलेला एक प्रवासी साऱ्या नौकेचा तोल घालवितो.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना आणखी एक इशारा द्यावयास हवा. ‘आम्ही समुद्रात पोहत वाढलो, तळ्याचे काय भय?’ हा अभिमान फसवा आहे. खाऱ्या पाण्यात शरीर जितके सहज तरंगते तितके गोड्या पाण्यात तरंगत नाही. समुद्राला भरती-ओहोटीचा क्रम असतो आणि लाटांमुळे तो आपला स्वभाव लपवीत नाही. जलाशय मात्र शांत दिसतो. त्याखाली मूळची दरी, तिचे कडे आणि झाडांची खोडे तशीच असू शकतात. काठापासून चार पावलांवर तळ एकाएकी नाहीसा होऊ शकतो. तेव्हा अनोळखी काठावर पोहावयास उतरू नये. नौकेत बसल्यावर उठून उभे राहू नये आणि छायाचित्रासाठी सर्वांनी एका बाजूस गर्दी करू नये. दुर्दैवाने नौका उलटलीच, तर ती तरंगत असेतो तिलाच धरून राहावे. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघण्याचा मोह पुष्कळांच्या जिवावर बेतला आहे.

यावर कोणी म्हणेल, ही सर्व जबाबदारी सरकारची आहे, प्रवाशाने का वाहावी? आक्षेप गैर नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. नौकांची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधने, प्रशिक्षित खलाशी आणि विमा यांची तरतूद त्यात आहे. प्रशासनाने तिची कसून अंमलबजावणी करावी, ठेकेदाराच्या नफ्याकडे पाहून डोळेझाक करू नये, ही आमची मागणी आहेच. परंतु १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले, तेव्हा काय दिसले? दोष प्रवाशांचा तिळमात्र नव्हता; पण ज्यांच्या अंगावर जॅकेट नव्हते त्यांच्यापाशी ते चढविण्यास वेळही नव्हता. जॅकेटची सक्ती झाली ती त्यानंतर. चौकशी, अटक आणि भरपाई यांचे सोपस्कार दुर्घटनेनंतर सुरू होतात. दुर्घटनेपूर्वीचा एकच क्षण आपल्या हाती असतो, आणि तो म्हणजे धक्का व नौका यांच्यामध्ये पाऊल उचलण्याचा. त्या क्षणी नाही म्हणण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने प्रवाशाकडून काढून घेतलेला नाही.

हा अधिकार वापरणे दिसते तितके सोपे नाही, याची आम्हांस कल्पना आहे. वीसजणांचा मेळावा निघालेला असतो, पैसे भरलेले असतात, मुले उतावीळ झालेली असतात. अशा वेळी ‘होडीत माणसे जास्त आहेत, आपण पुढच्या फेरीने जाऊ’ असे म्हणणारा माणूस सर्वांच्या थट्टेचा विषय होतो. ‘बसा हो, काही होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे किती सहजपणे उच्चारले जाते! भिडेपोटी आपण पाहुण्याला दोन घास जास्त वाढतो ते ठीक आहे. भिडेपोटी लेकराला भरलेल्या होडीत बसविणे ठीक नाही. शाळांच्या सहलींबाबत तर ही भीड सर्वस्वी टाकून द्यावयास हवी. सहलीच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ‘नौकाविहार आहे काय, असल्यास प्रत्येक मुलाला मापाचे जॅकेट मिळणार काय’ हे दोन प्रश्न पालकांनी लेखी विचारावेत, आणि शिक्षकांनी त्यांचा राग मानू नये.

एवढी काळजी घेतली की मग मनसोक्त आनंद घ्यावा, तो घेण्यासाठीच आपण आलेले असतो. दुधनीच्या पाण्यावर शिकारा संथपणे सरकत असताना ध्वनिक्षेपक बंद ठेवावा आणि टेकड्यांची पाण्यात पडलेली रूपे पाहावीत. हेही स्मरावे की हा जलाशय निसर्गाने सहलीसाठी निर्माण केलेला नाही. येथे आदिवासींची शेते आणि घरे पाण्याखाली गेली, आणि त्या त्यागातून दमण, वापी, सिल्वासा या परिसराला पाणी मिळाले. वारली, कोकणा, धोडिया बांधवांची वस्ती आजही भोवती आहे. त्यांच्या हातची वस्तू घासाघीस न करता विकत घ्यावी, त्यांचे छायाचित्र विचारल्यावाचून काढू नये, आणि प्यावयाचे पाणी असलेल्या या जलाशयात प्लास्टिकची एक पिशवीही टाकू नये.

आपल्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून कोळी होडी लोटीत नाही. या प्रथेत श्रद्धा आहे, तसाच व्यवहारही आहे. पाण्याची वेळ पाण्याने ठरवायची, आपल्या सोयीने नव्हे, हा तो व्यवहार होय. ज्याचे पोट समुद्रावर आहे तो माणूस आठवड्यामागून आठवडे होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. तासाभराच्या मौजेसाठी आलेल्या आपणांस एक फेरी सोडण्यात कमीपणा का वाटावा? येत्या सुट्टीत आमचे वाचक दुधनीस जावोत, मांडवीवर जावोत वा मोठ्या जहाजाने समुद्रावर जावोत. बरोबर खाऊचा डबा घेतील तसाच ‘ही होडी नको, पुढची बघू’ असे म्हणण्याचा निर्धारही घेऊन जावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.