वीस नोकरांची मर्यादा

महाराष्ट्र सरकारनें २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यांत २०२५ सालीं दुरुस्ती करून नोंदणीचीं व कामाच्या तासांचीं बंधनें दहाऐवजीं वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतीं ठेविलीं; दिवसाचे तासही नवांवरून दहांवर नेले. तिसगांवच्या पेठेंत वीस नोकर बाळगणारें दुकान विरळाच असावें. लहान दुकानदाराचा कागदपत्रांचा जाच कमी झाला, हें ठीकच; पण त्याच्या गड्याचे तास कोणीं मोजावयाचे?

फ्रान्स देशांत आठवड्याच्या ३५ तासांची मर्यादा २००० सालीं प्रथम वीसांहून अधिक कामगारांच्या आस्थापनांस व २००२ सालीं लहानांस लागू झाली. तेथें लहानांस मुदत मिळाली, माफी नव्हे.

आपल्याकडेही सवलत म्हणजे मोकळें रान नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेली वेतनसंहिता वेतनाच्या मूळ बाबतींत दुकानांतील नोकरांची संख्या पाहत नाहीं. किमान वेतन, मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आंत, आणि पगाराची चिठ्ठी, या गोष्टी दोन नोकरांच्या दुकानासही चुकत नाहींत.

जो व्यापारी गिऱ्हाइकाची उधारी पैन् पै खतावणींत टिपतो, त्यानें गड्याच्या तासांचें व पगाराचें एक पान त्याच वहींत राखावें. त्यायोगें गड्याचा हक्क राहील व धन्याचा तंटा टळेल. त्यासाठीं निरीक्षकाची वाट कशास पाहावी?