धामापूरला सायकलने जायचंय? आधी परतीची वेळ ठरवा

ग्रुपवर कुणीतरी ‘धामापूर? सायकलने?’ एवढंच टाकतं. पाच मिनिटांत अकरा अंगठे येतात. रविवारी सकाळी भरडावर दोघंच उभी असतात आणि त्यातल्या एकाच्या मागच्या चाकात हवा नसते. तिसरा साडेनऊला उठून ‘निघालोच’ म्हणतो. असा एखादा प्लॅन तुमच्याही ग्रुपवर पडून असेल. तो खरंच व्हावा म्हणून हे लिहितेय. पण अर्धवट तयारीने होणार असेल तर न झालेला बरा, हेही सांगायचंय.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं असेच निघालो. मालवण सोडायलाच दहा वाजले. चौघांत पाण्याच्या बाटल्या दोन. जाताना धमाल केली, तलावावर फोटो काढले आणि साडेबारानंतर परतीला लागलो. चौके गावाच्या अलीकडे एका चढावर माझी मैत्रीण सायकलवरून उतरली, रस्त्याच्या कडेला बसली आणि तिला उलटी झाली. बोलताना शब्द अडखळायला लागले तेव्हा आम्ही घाबरलो. मागून एक टेम्पो आला. ‘गो बायांनो, ह्या उनात खंय चल्ल्यात?’ असं विचारून काकांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. सायकली मागे चढवल्या आणि आम्हाला दवाखान्यात सोडलं. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. पण सहा महिने तिची सायकल माळ्यावर गेली आणि ‘मुलींनी एवढं लांब जायचंच कशाला’ हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या घरी फिरून आलं. आमच्यात एक मुलगाही होता. त्याला घरी कुणी काही बोललं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की या राइडमध्ये धाडस फारसं नाहीच, हिशेब आहे. मालवणहून धामापूर साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. ताशी १२ किलोमीटरने गेलात, आणि नवख्या माणसाचा वेग एवढाच असतो, तरी थांबे धरून दीड-पावणेदोन तासांचं काम. शहर सोडलं की कुंभारमाठच्या दिशेने रस्ता चढायला लागतो. पुढे चौक्यापर्यंत आणि तिथून धामापूरकडे चढ-उतार चालूच. यातली एकही घाटी आंबोलीसारखी नाही, पण एकामागून एक येत राहतात आणि जाताना जो उतार सुखाचा वाटतो तोच परतीला चढ होतो. सड्यावर सावली नाही. जांभा एकदा तापला की खालूनही भाजतो.

त्यामुळे निघण्याच्या वेळेआधी परतीची वेळ ठरवा. डिसेंबर ते फेब्रुवारीतला रविवार धरा. पावणेसातला, उजाडतानाच निघायचं आणि दहाच्या आत तलाव सोडायचा. साडेआठपर्यंत चौक्यालाही पोचला नाहीत, तर तिथेच उसळ-पाव खाऊन मागे फिरा. यात कमीपणा कसला? तलाव पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा, आणि त्याला कधीही शेवटी एकटं ठेवायचं नाही. पाणी माणशी दोन लिटर, त्यातल्या एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. निघताना पोटात पेज किंवा दोन घावणे हवेत, नुसत्या चहावर निघू नका. कुणाला गरगरलं, मळमळलं तर ‘थोडंच राहिलंय’ म्हणून पुढे रेटायचं नाही. सावलीत आडवं करा, अंग ओलं करा, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. बोलणं असंबद्ध झालं तर सरळ १०८ लावा. आम्हाला त्या दिवशी हा नंबर आठवलाच नाही, हे लिहिताना लाज वाटतेय.

सायकलबद्दल एकच गैरसमज काढून टाकायचाय. तीस हजारांची माउंटन बाइक लागत नाही. गिअरची असेल तर चढ सोपे जातात, हे खरं. पण जाड खाचांचे टायर डांबरावर उलट जड चालतात, तेव्हा हवा नीट भरून घ्या. सीट एवढी उंच हवी की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. अर्ध्याहून जास्त लोकांचे गुडघे सीट खाली ठेवल्यानेच दुखत असावेत, असा माझा आपला अंदाज. आदल्या संध्याकाळी दोन्ही ब्रेक तपासा. वळणावर बारीक खडी असते आणि समोरून चिऱ्यांचा डंपर येतो, तेव्हा नुसता पुढचा ब्रेक दाबलात तर आडवे व्हाल. हेल्मेट घाला, एकामागे एक चालवा, आणि चालत्या सायकलवरून रील काढणाऱ्याला ग्रुपमधून काढा.

आता तलावाबद्दल. हा बांध १५३० सालचा. विजयनगरच्या काळात मांडलिक नागेश देसाई यांनी तो घातला. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ मध्ये सुरू झालं, म्हणजे किल्ल्याहून बांध १३४ वर्षांनी मोठा. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० मध्ये धामापूरला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. किल्ल्यावर आपण पाहुण्यांना हक्काने नेतो, तलावाचं हे वय मात्र आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? मालवण शहराच्या नळाला येणारं पाणीही धामापूरच्या योजनेचंच. तुम्ही शहरात राहत असाल तर सकाळी बाटलीत भरलेलं पाणी जिथून आलं, तिथेच सायकलने चाललेले असता.

म्हणूनच तिथे साबण लावून पाय धुणं, वेफर्सची पाकिटं पायऱ्यांवर सोडणं हे प्रकार डोक्यात जातात. पोहायलाही उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याचा तळ आपल्याला माहीत नसतो. काठावरच्या भगवती देवीची गोष्ट गावात कुणालाही विचारा. लग्नकार्यासाठी देवीकडे दागिने मागितले की ते तलावातून वर यायचे आणि कार्य झालं की परत करायचे असत. एकाने ते परत केले नाहीत आणि देणं थांबलं. माझ्या आजीच्या मते तो माणूस नक्कीच शहरातला असणार.

एक मागणी कॉलेजांकडे. जिमखान्याच्या खर्चात क्रिकेटच्या किटसोबत दोन पंप, पंक्चरचं सामान आणि एक प्रथमोपचार पेटी बसायला हरकत नाही. एनएसएसच्या कॅम्पमध्ये वर्षातून एक अशी राइड ठेवली, मागे एक गाडी ठेवली, तर ‘सर सोबत आहेत’ या तीन शब्दांवर कितीतरी मुलींना घरून होकार मिळेल. तसा आधार न लागताही तो मिळायला हवा, हे मान्य. पण तोवर वाट बघत बसायचं का?

आमचा ग्रुप डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परत निघतोय. पावणेसात, भरड. ती मैत्रीणही येतेय. घड्याळ या वेळी तिच्याकडे आहे आणि दहाला पाच कमी असताना ती शिट्टी मारणार आहे.