परदेशी सासर आणि बाईचे लायसन्स

परभणीसारख्या जिल्ह्यातूनही आता मुली लग्न होऊन अमेरिकेला जातात. सोयरीक जुळवताना मुलाचे शिक्षण, पगार, घर यांची कसून चौकशी होते. मुलगी तिथे कोणत्या व्हिसावर राहणार आणि तिला गाडी चालवता येते का, हे मात्र कोणी विचारत नाही. पाणी, रोजगार, दारू हे प्रश्न समोर असताना लायसन्सचे काय घेऊन बसलात, असे काही मैत्रिणी म्हणतील. पण अमेरिकेत मोठी शहरे सोडली तर बस-रिक्षाची सोय आपल्यासारखी नाही. गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात अडकतो, आणि बाईने घरात अडकणे म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सौदी अरेबियात जून २०१८ पर्यंत बायांना लायसन्सच मिळत नव्हते. ती बंदी उघड होती, म्हणून जगभर तिचा निषेध झाला. अमेरिकेत अशी बंदी नाही. तिथे अडवणूक होते ती कागदांतून.

नवरा एच-१बी व्हिसावर नोकरीला असेल तर बायको एच-४ म्हणजे 'अवलंबित' म्हणून जाते. २०१५ पर्यंत या बायांना नोकरीची परवानगीच नव्हती. त्या वर्षी नियम बदलला, तोही फक्त नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचला असेल तर. लायसन्सही याच साखळीत आहे. २००५ च्या रिअल आयडी कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाचे लायसन्स त्याच्या मुक्कामाच्या मुदतीपुरतेच असते. हा नियम नवऱ्यालाही लागू आहे. पण त्याचा मुक्काम त्याच्या नोकरीवर उभा असतो, तिचा त्याच्याशी झालेल्या लग्नावर. घटस्फोट झाला की तिचा दर्जा संपतो, आणि लायसन्स नवे करून घेण्याचा आधारही जातो.

भारतातले लायसन्स तिथे किती दिवस चालते, हे प्रत्येक राज्याचे वेगळे. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून दहा दिवसांत तिथले लायसन्स काढावे लागते. आपल्या आर.टी.ओ.कडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो, आणि मूळ लायसन्स सोबत असले तरच त्याचा उपयोग. कॅलिफोर्नियात चाचणीला जाताना विमा उतरवलेली गाडी आपणच न्यायची आणि लायसन्सधारक माणूसही बरोबर न्यायचा. नव्या नवरीकडे गाडी कोणाची आणि माणूस कोण? नवऱ्याने 'आज वेळ नाही' म्हटले की चाचणी पुढे गेली. यात मारहाण नाही, शिवीगाळ नाही. म्हणून हा छळ कुणाच्या नजरेलाही येत नाही.

छळ झाला तर तिथे कायदे आहेत. स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी १९९४ च्या कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि छळ झालेल्या एच-४ बायकांना कामाचा परवाना देण्याची तरतूद आली. न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ पासून, तर न्यूयॉर्कमध्ये 'सखी' १९८९ पासून दक्षिण आशियाई बायांसाठी काम करत आली आहे. पण वकील, डॉक्टर, न्यायालय यांच्यापर्यंत पोचायचे तर घराबाहेर पडता आले पाहिजे.

हे अटळ आहे असेही नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१५ पासून, व्हिसाचे कागद नसलेल्यांनाही ओळख आणि राहण्याचा पुरावा पाहून वेगळे लायसन्स देणे सुरू केले. म्हणजे गाडी चालवण्याचा हक्क नवऱ्याच्या व्हिसापासून सोडवता येतो.

अमेरिकेचा कायदा आपण परभणीत बसून बदलू शकत नाही. इथे करण्यासारखे मात्र बरेच आहे. जावयाला गाडी देणारे बाप आपल्याकडे कमी नाहीत. मुलीच्या हाती स्टीअरिंग देणारे किती? मुलीने चारचाकी चालवायला खरोखर शिकावे, नुसते लायसन्स 'काढून घेऊ' नये. दुसरी गोष्ट नावाची. लग्नानंतर आपल्याकडे बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलते. लायसन्स वडिलांच्या नावाने आणि पासपोर्ट नवऱ्याच्या नावाने असेल तर दोन्ही कागद एकाच बाईचे हे तिला सिद्ध करत बसावे लागते. नाव न बदलण्याचा आग्रह आपण तत्त्व म्हणून धरत आलो. इथे तो व्यवहाराचाही आहे. तिसरी गोष्ट, १९९८ च्या राज्य कायद्यानुसार लग्नाची नोंदणी करावी आणि दाखल्याची एक प्रत माहेरी ठेवावी. परदेशातील विवाहांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे, हेही मुलीला आधीच सांगून ठेवावे.

आपल्या विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरांत हुंडा आणि आरोग्य यांवर बोलणे होते. त्यात व्हिसा आणि लायसन्स यांची भर घालू या. परदेशी निघालेल्या मुलीच्या पर्समध्ये तिचे पासपोर्ट, तिचे लायसन्स आणि थोडे तिचे पैसे असावेत, आणि ती पर्स तिच्याच खांद्यावर राहावी.