प्लेटलेटच्या आकड्यामागे धावताना...

पावसाळा ओसरू लागला की साचलेल्या पाण्यापाठोपाठ डेंग्यू येतो आणि घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "प्लेटलेट किती?" आकडा घसरला की आप्तेष्ट रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवू लागतात. या धावपळीमागची तळमळ खरी असते. दिशा मात्र पुष्कळदा चुकलेली असते.

डेंग्यूत रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेट घटतात, हे खरेच. परंतु प्राण धोक्यात येतो तो मुख्यतः अन्य कारणाने. गंभीर रुग्णाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्त दाट होते, रक्तदाब कोसळतो. ही अवस्था लांबली की रक्त गोठण्याची सारी यंत्रणाच ढासळते आणि जठर-आतड्यांतून मोठा रक्तस्राव सुरू होतो. म्हणजे जीवघेणा रक्तस्राव हे बहुधा उपचारांच्या विलंबाचे फळ असते. वेळीच, मोजूनमापून दिलेले सलाईन तो अनेकदा टाळू शकते.

मग आकडा घसरताच प्लेटलेट चढवण्याने काय साधते? सिंगापूर व मलेशियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. प्लेटलेट २० हजार वा त्याहून कमी, परंतु मोठा रक्तस्राव नाही, अशा रुग्णांना प्लेटलेट देऊनही रक्तस्राव टळण्यास मदत झाली नाही. उलट दुष्परिणाम अधिक आढळले. रक्तपेढीत प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. भीतीपोटी वापरलेली पिशवी खरोखर रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाच्या वाट्याची असू शकते. रक्तदात्याच्या दानाचा हा सन्मान नव्हे.

१९९६ साली दिल्लीतील साथीत चारशेहून अधिक बळी गेले. आज योग्य उपचार मिळाल्यास गंभीर डेंग्यूतही मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याखाली ठेवता येते. त्यासाठी कुटुंबाने जागरूक असायला हवे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो आणि घर निर्धास्त होते. पण पुढचे २४ ते ४८ तासच कसोटीचे असतात. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळा शौच, अस्वस्थता वा ग्लानी, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसताच रुग्णालय गाठावे. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून तर मुळीच राहू नये.

रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी एवढे ज्ञान वस्तीवस्तीत पोहोचवले, तर तीही रक्तदानाइतकीच मोलाची सेवा ठरेल. आकड्यावर नजर असावी. पण लक्ष रुग्णावर असावे.