रोजगार हमीचा कायदा आणला कुणी?

1972 चा दुष्काळ आपल्या नगर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना विचारा. पाथर्डीच्या माळावर आमच्या आईने खडी फोडली. कामावर सुकडी मिळायची, घरी रेशनचा मिलो. मुकादमाने हजेरीपटावर नाव घेतले तर मजुरी, नाही तर पोर काखेत घेऊन परत घरी. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती.

पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. कुणी म्हणतो तो दुष्काळाने आणला, कुणी वि. स. पागे यांचे नाव घेतो, कुणी मोर्चांचे. सरकारी धोरण कसे ठरते, यावर विद्वानांचाही असाच वाद आहे. अमेरिकेतले चार्ल्स लिंडब्लोम 1959 साली म्हणाले, सरकार उडी मारीत नाही, जुन्यालाच ठिगळ लावीत सरकते. जॉन किंग्डन यांनी 1984 साली मांडले की अडचण, तोडगा आणि राजकारण यांचे ओढे वेगवेगळे वाहतात. ते एकत्र आले की थोडा वेळ दार उघडते. पॉल सबातिए यांच्या मते एका विचाराची माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना धरून राहतात, तेव्हा धोरण बदलते.

एकट्याने कुणाचेच पुरत नाही. पागे यांचा प्रयोग 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला. मग राज्याची योजना, 1975 चा व्यवसाय कर, 1977 चा कायदा, 26 जानेवारी 1979 पासून अंमल. ही ठिगळे लिंडब्लोमची. पण तयार तोडग्याची निकड साऱ्या राज्याला पटली ती दुष्काळाने. तिथे किंग्डन लागतो. आणि पाऊस पडल्यावर दुष्काळी कामे बंद होतात, ही तर जुनी रीत! योजना मात्र बंद पडली नाही, कारण शेतमजुरांच्या संघटना आणि डावे पक्ष मागे लागलेले होते. (आमदारांनाही आपल्या भागात कामे हवीच होती, तेही विसरू नये.) शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून खेड्यातली मजुरी द्यायची, हे एरवी कोण मान्य करता?

कायद्याने मागणाऱ्याला 15 दिवसांत काम द्यायचे, नाही तर दिवसाला निदान 1 रुपया भत्ता. रुपया तो केवढा! आईने भत्ता कधी घेतला नाही. पण पुढे कामाच्या अर्जावर अंगठा उठवला, तेव्हा ती पोच घेतल्याशिवाय उठली नाही.