विजेतेपदाआधीची स्टेफी

स्टेफी ग्राफ म्हटलं की माझ्या पिढीला १९८८ आठवतं. चारही ग्रँड स्लॅम आणि वर सोलचं ऑलिंपिक सुवर्ण, तेही एकाच वर्षात! त्या झळाळीत तिच्या कारकिर्दीची पहिली साडेतीन वर्षं झाकोळून जातात. मला तीच वर्षं मोलाची वाटतात. त्या काळात व्यावसायिक सर्किटवर तिच्या नावावर एकही विजेतेपद नव्हतं.

पश्चिम जर्मनीत मानहाइमजवळच्या ब्र्यूल गावी ती वाढली. वडील पीटर मोटारी आणि विमा विकत, जोडीला टेनिस शिकवत. पोर तीन-चार वर्षांची असतानाच त्यांनी रॅकेटचा दांडा कापून आखूड केला आणि घरातच दोरी बांधून जाळं केलं. ठरलेले चेंडू न चुकता परतवले की आइस्क्रीम! पुढे लायमेनच्या केंद्रात ती मुलांबरोबर सराव करू लागली. त्या मुलांत बोरिस बेकरही होता. मुलांमध्ये जो मागे पडेल त्याला स्टेफीसमोर उभं करत, आणि तो बरेचदा मीच असे, असं बेकरने स्वतःच सांगितलं आहे.

ऑक्टोबर १९८२. श्टुटगार्टजवळच्या फिल्डरश्टाटमध्ये १३ वर्षांची स्टेफी पहिला व्यावसायिक सामना खेळली. समोर ट्रेसी ऑस्टिन, दोनदा अमेरिकन ओपन जिंकलेली. निकाल ६-४, ६-०, ऑस्टिनच्या बाजूने. अशा मुली अमेरिकेत शेकड्यांनी आहेत, असं ऑस्टिन नंतर म्हणाल्याचं सांगतात. पण खुद्द ऑस्टिन आणि तिच्यामागून आलेली अँड्रिया येगर, या दोघींची कोवळी शरीरं विशीच्या आसपासच दुखापतींनी खिळखिळी झाली.

मुलीचं असं होऊ नये म्हणून पीटर यांनी तिला स्पर्धा मोजूनमापून खेळू दिल्या. १९८५च्या अमेरिकन ओपनपर्यंत ती त्या वर्षी १० स्पर्धा खेळली होती. तिच्याहून वर्षभराने लहान गॅब्रिएला सबातिनी २१. कौतुक तेव्हा सबातिनीचं जास्त होत होतं. ते पाहूनही हात आखडता ठेवायला धीर लागतो. मुलीच्या कमाईवरचा कर चुकवल्याबद्दल याच पीटर यांना पुढे तुरुंगवास झाला, आणि त्या गुन्ह्याला माफी असू नये असंच माझं मत आहे. तरीही या एका बाबतीत त्या बापाने मुलीचं भलं केलं, हे मानावंच लागतं.

मधल्या काळात ती रिकामी बसली नव्हती. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये टेनिस फक्त प्रदर्शनीय खेळ होता. तिथे पंधराव्या वर्षी ती पहिली आली. अधिकृत पदक अर्थातच नाही. पुढच्या वर्षी अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत मार्टिना नवरातिलोवाने तिला रोखलं. तिच्या फोरहँडचा बोलबाला मात्र होऊ लागला होता. चेंडू ती अंगाजवळ येऊ द्यायची, आता उशीर झाला असं वाटेपर्यंत थांबायची, आणि मग असा तडाखा की समोरचीला पाय हलवायलाही फुरसत नाही. बॅकहँडच्या बाजूला आलेल्या चेंडूलाही वळसा घालून ती फोरहँडच मारायची. ‘फ्रॉयलाइन फोरहँड’ हे नाव त्यातूनच पडलं.

एप्रिल १९८६मध्ये हिल्टन हेडच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात समोर ख्रिस एव्हर्ट होती, मातीच्या कोर्टाची सम्राज्ञी. स्टेफी जिंकली आणि पहिलं विजेतेपद हाती आलं. पुढच्याच महिन्यात बर्लिनला, आपल्या माणसांसमोर, तिने नवरातिलोवालाही ६-२, ६-३ असं सरळ हरवलं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला, अमेरिकन ओपनमध्ये, त्याच नवरातिलोवाविरुद्ध उपांत्य फेरीत तीन मॅच पॉइंट हातचे गेले आणि तिसरा सेट टायब्रेकरवर निसटला. सतरा वर्षांच्या मुलीला असा पराभव वर्षभर छळू शकला असता. तिने पुढचं वर्ष सुरू केलं तेच विजेतेपदांच्या रांगेने. मायामीत सात फेऱ्यांत मिळून अवघे २० गेम गमावले, उपांत्य फेरीत नवरातिलोवाला आणि अंतिम फेरीत एव्हर्टला हरवून.

६ जून १९८७ला पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत, पुन्हा नवरातिलोवाच समोर होती. ६-४, ४-६, आणि तिसऱ्या सेटमध्ये ८-६. शेवटचा गुण नवरातिलोवाच्या डबल फॉल्टने मिळाला. स्टेफीचा अठरावा वाढदिवस जेमतेम आठवड्यावर आला होता. १७ ऑगस्टला ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली.