लोडशेडिंग करायचेच असेल, तर घरात थोडी वीज राहू द्या

मार्च सरला की डहाणू-तलासरी भागातले रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, लाईट गेली तर इन्सुलिनचं काय करायचं?" दम्याचा रुग्ण नेब्युलायझरबद्दल विचारतो, घरी ऑक्सिजनचे मशीन असलेल्या आजोबांचा मुलगा इन्व्हर्टरबद्दल विचारतो. यांची वैद्यकीय उत्तरे लेखाच्या शेवटी दिली आहेत. पण त्याआधी एका वेगळ्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. वीज कमी पडते तेव्हा कोणाच्या घरातली, किती आणि कशी कमी करायची हे ठरवताना आजारी माणसाचा विचार होतो का? माझ्या मते तो पुरेसा होत नाही, आणि तो करणे फार अवघडही नाही.

नियंत्रण का लागते?

विजेचा मोठा साठा करून ठेवणे कठीण असते. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्या क्षणी जवळजवळ तेवढीच तयार व्हावी लागते. मागणी फार वाढली आणि उत्पादन कमी पडले, तर संपूर्ण ग्रिड कोसळू शकते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात तेच झाले आणि कोट्यवधी लोक अंधारात गेले. अशा वेळी कुठेतरी कपात करणे भाग असते. २००३ च्या विद्युत कायद्यात तसा अधिकार राज्याच्या वीज नियामक आयोगाला दिलेला आहे. त्यामुळे नियंत्रण हवे की नको, हा वाद मी घालत नाही. वाद आहे तो नियंत्रणाच्या पद्धतीचा.

पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिली, जास्त मागणीच्या वेळी वीज महाग करणे. दुसरी, उपकरणांवर बंधन घालणे. २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार-लेबल एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते, आणि जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेतच ठेवता येईल असा नियम आणण्याचे जाहीर केले. तिसरी पद्धत म्हणजे सरळ फीडर बंद करणे. तीच आपली ओळखीची लोडशेडिंग.

आपल्या वाट्याला कोणती पद्धत आली?

वीज मंडळाचे विभाजन होऊन जून २००५ मध्ये महावितरण कंपनी आली, तेव्हा राज्यात विजेची मोठी टंचाई होती. पुढची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचे भारनियमन पाहिले. त्याच काळात मुंबई शहर आणि उपनगरे त्यातून जवळजवळ पूर्णपणे वगळलेली होती. डहाणूकरांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. खाडीकाठचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९५ पासून आपल्याकडे चालते. कोळशाची राख, धूर आणि चिकूच्या वाड्यांची काळजी आपल्या वाट्याला. तिथली वीज मात्र मुंबईच्या उपनगरांसाठी, कारण ते केंद्र २०२४ पर्यंत तिथल्या वीज कंपनीचे होते. डहाणू-तलासरीला वीज देणारी कंपनी वेगळी, त्यामुळे टंचाईही वेगळी. कागदावर हे बरोबर असेल. पण गर्मीने तळमळणाऱ्या तान्ह्या बाळाला कंपन्यांच्या हद्दी कळत नाहीत.

पुढे फीडरचे गट पाडले गेले. जिथे वीजगळती जास्त आणि बिलांची वसुली कमी, तो फीडर खालच्या गटात आणि तिथे भारनियमन जास्त. एप्रिल २०२२ मध्ये टंचाई आली तेव्हाही जी-१, जी-२, जी-३ अशा शेवटच्या गटांवरच आधी कुऱ्हाड पडली.

फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी मुख्य वाहिनी. एकेका फीडरवर अनेक गावे आणि पाडे असतात. त्यात नियमित बिल भरणारी विधवा असते, आकडा टाकणारा शेजारी असतो, सिकलसेलचे मूल असते आणि उपकेंद्रातली परिचारिकाही असते. शिक्षा सगळ्यांना सारखीच. वॉर्डातल्या चार रुग्णांनी बिल थकवले म्हणून मी सगळ्या वॉर्डाचा ऑक्सिजन बंद केला, तर लोक मला काय म्हणतील?

वीज गेल्यावर शरीरात काय होते?

किनाऱ्यालगत आपल्याकडे पारा विदर्भाइतका चढत नाही, पण हवेत दमटपणा असतो. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. पंख्याचा वारा नेमके हेच काम करतो. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली रात्री पंखा बंद पडला, तर शरीराला सावरायला मिळणारे तासच हिरावले जातात. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि हृदयाचे किंवा किडनीचे रुग्ण यांना त्याचा सर्वात जास्त त्रास होतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी लवकर कमी होते.

आपल्या आदिवासी पाड्यांमध्ये सिकलसेलचे रुग्ण आहेत. शरीरातले पाणी कमी झाले की त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. वीज नसली की नळपाणी योजनेचा पंपही बंद असतो. म्हणजे गर्मीही आणि पाण्याची टंचाईही, दोन्ही एकाच वेळी.

तिसरी गोष्ट सापाची. घरात उकडते म्हणून माणसे ओसरीवर, जमिनीवर झोपतात. मण्यार रात्रीच फिरते, तिचा दंश बहुधा दुखत नाही आणि खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, तेव्हा कळते. अंधार असला की हे कळायला आणखी उशीर होतो.

किती वीज पुरेशी आहे?

आता थोडे गणित करू. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. दोन एलईडी दिवे मिळून १८ ते २० वॉट. मोबाइल चार्जर १० वॉट. छोटा फ्रिज चालू असताना सुमारे १५० वॉट. हे सगळे मिळून साधारण २५० वॉट झाले. घरी वापरायचे पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५० वॉट घेते. याउलट दीड टनाचा एसी सुमारे १५०० वॉट घेतो. म्हणजे एका एसीच्या विजेत अशी सहा घरे निभावतात.

औषध देताना आम्ही मात्रा बघतो. जास्त मात्रा बाधते म्हणून औषध एकदम थांबवत नाही, मात्रा कमी करतो. विजेचेही तसेच करता येईल. टंचाईच्या तासांत प्रत्येक घराला, समजा, ४०० वॉटची मर्यादा घाला, पण पुरवठा तोडू नका. फ्रिज सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढतो, तेवढी सवलत ठेवावी लागेल. सध्या बसवल्या जाणाऱ्या स्मार्ट मीटरमध्ये दुरून पुरवठा तोडण्याची आणि भार मर्यादेपलीकडे गेला की तो थांबवण्याची सोय असते. दक्षिण आफ्रिकेने याच मार्गाचा प्रयोग २०२३ मध्ये जोहान्सबर्गच्या फोरवेज भागात केला होता. पूर्ण अंधार करण्याऐवजी घरांचा भार मर्यादित केला गेला.

यातून एक सत्य उघडे पडते. तलासरीच्या पाड्यावरचे घर आजही ४०० वॉटच्या आतच असते. तिथे मर्यादा घालून फारसे काही वाचणार नाही. बचत तिथेच होऊ शकते, जिथे वापर आहे: एसी, गीझर आणि मोठ्या पंपांच्या घरांत. म्हणजे मुंबई-ठाण्यातही, आणि डहाणू शहरातल्या माझ्यासारख्यांच्या घरातही. माझा एसी दोन तास बंद राहिला तर मला घाम येईल, एवढेच. पाड्यावरचा पंखा बंद राहिला तर कोणाला तरी सलाईन लागेल. हा फरक नियमात दिसायला हवा.

आक्षेप आणि माझे उत्तर

"वीजचोरांना वीज का द्यायची?" देऊ नका. चोराचे आकडे काढा, थकबाकीदाराचे कनेक्शन नियमाने तोडा. मीटर घरोघरी असताना शिक्षा फीडरला कशासाठी?

"सरकारने आमच्या घरात डोकावू नये." ही भीती रास्त आहे. म्हणूनच मर्यादा फक्त जाहीर टंचाईतच असावी, तिची वेळ आधी कळवलेली असावी आणि ती आयोगाच्या आदेशानेच लागू व्हावी. मात्र पूर्ण वीज तोडणे हाही सरकारी हस्तक्षेपच आहे, आणि तो सर्वात मोठा आहे.

"हे जमणार नाही." सीमेपलीकडे उंबरगाव बाजूला पाहा. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीपंपांचे फीडर घरांपासून वेगळे केले. पंपांना ठरावीक तास आणि घरांना चोवीस तास. आपल्याकडेही गावठाण फीडर वेगळे करण्याचे काम झाले आहे. अक्षय प्रकाश योजनेत तर गावकऱ्यांनी संध्याकाळी पंप न चालवण्याचे स्वतःहून मान्य केले आणि बदल्यात गावात दिवे राहिले. कारण पटले की लोक बंधन पाळतात.

आणखी एक मागणी. ब्रिटनमध्ये वीज कंपन्या आजारी आणि वृद्ध ग्राहकांची वेगळी यादी ठेवतात, त्यांना वीज जाण्याची पूर्वसूचना आणि मदत देतात. आपल्याकडे आशाताईंना आपल्या पाड्यात कोण इन्सुलिनवर आहे, कोणाकडे ऑक्सिजनचे मशीन आहे, कोणाला सिकलसेल आहे हे माहीत असते. रुग्णाच्या संमतीने ही यादी उपकेंद्राच्या अभियंत्यापर्यंत पोहोचवायला किती खर्च येईल?

तोपर्यंत घरी काय करावे?

• इन्सुलिन: न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे २५ ते ३० अंशांत चालते. नेमकी मर्यादा वेष्टनावर पाहा. फ्रिज नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून, पाणी शिंपडलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवा. बर्फाला टेकवू नका. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्या. वीज गेली की फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज सुमारे चार तास गार राहतो. वीज गेली म्हणून इन्सुलिनचा डोस मात्र कधीही चुकवू नका.

• दमा: स्पेसर लावलेला पंप घरी ठेवा आणि तो कसा घ्यायचा ते शिकून घ्या. बहुतेक रुग्णांना तो नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो आणि त्याला वीज लागत नाही.

• ऑक्सिजन मशीन: इन्व्हर्टर त्या मशीनवर किती वेळ चालतो ते आधी मोजून पाहा. भरलेला सिलिंडर जवळ ठेवा.

• जनरेटर: घरात, पडवीत किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

• सिकलसेल आणि लहान मुले: पाणी आधीच भरून ठेवा, तहान लागण्याची वाट न पाहता पीत राहा, ओआरएसची पाकिटे घरात असू द्या.

• रात्री खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. उशाशी बॅटरी ठेवा. सापाचा संशय आला तरी थेट रुग्णालय गाठा.

वीजदर ठरवताना महाराष्ट्र वीज नियामक आयोग लोकांच्या सूचना आणि हरकती मागवतो, जाहीर सुनावणीही घेतो. तिथे उद्योगांचे वकील जातात, शेतकरी संघटना जातात. रुग्णांच्या बाजूने बोलणारे फार थोडे असतात. पुढची सूचना निघेल तेव्हा आपल्या ग्रामसभेचा ठराव करून तो मराठीतच पाठवा. दोन ओळी पुरेत: टंचाईत आमचा भार कमी करा, पण पुरवठा तोडू नका, आणि आमच्या आजारी माणसांची यादी तुमच्याकडे असू द्या.